भिंतीला लावलेली पट्टी

३ फेब्रुवारी

ताई,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून दचकू नकोस. आई ठीक आहे. म्हणजे चालती-फिरती आहे. पण मधल्या भिंती काढून टाकल्यापासून आमच्या घरात खाजगी बोलायची सोय उरलेली नाही. स्वयंपाकघरात चमचा पडला तर बाहेरच्या दाराशी ऐकू येतो, आणि आई दिवसभर बरोब्बर मधे सोफ्यावर बसलेली असते. तिच्याविषयी तिच्यादेखत काय बोलणार? म्हणून खाली गाडीत बसून लिहितोय.

आधी चांगली बातमी. घर पूर्ण झालं. बारा वर्षं लोकांची घरं सजवली, आता पहिल्यांदा स्वतःचं. भिंती, फरशी, कपाटं, पडदे, सगळं एकाच रंगात: धुक्याचा राखाडी. कपाटांना मुठी नाहीत, कड्या नाहीत, नुसतं दाबलं की उघडतात. आईच्या खोलीतलं बाथरूमचं दार तर भिंतीच्या फळ्यांत असं बेमालूम बसवलंय की दुसऱ्या दिवशी सुताराला स्वतःलाच ते शोधावं लागलं. फोटो सोबत पाठवतोय. अठरा मार्चला मासिकाचे लोक घराचे फोटो काढायला येणार आहेत. ते छापून आले तर माझं नाव होईल ताई, खरंच होईल.

आता आईचं. जुनं घर सोडून ती माझ्याकडे आली त्याला चार महिने झाले. पहिले काही दिवस बरे गेले. हल्ली ती कपाटासमोर उभी राहते आणि नुसती उभीच राहते. चालताना भिंतीवरून तळवा फिरवत जाते, त्यामुळे फळ्यांवर कमरेच्या उंचीला एक मळका पट्टा उमटतो. तो मी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसतो. आणि परवा तिच्या खोलीत गेलो तर भिंतीला चिकटपट्टी लावलेली! बोट कापलं की आपण लावतो ना, ती तपकिरी औषधाची. म्हटलं, "आई, हे काय?" तर म्हणाली, "असू दे रे. काढू नकोस."

भिंतीला काय लागलंय, ताई? मी ती काढली, डाग पुसला. आज पुन्हा तिथेच दुसरी.

तुझा,
बारक्या


९ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र दोनदा वाचलं. एकदा हसत आणि एकदा पट्टीच्या ओळीपाशी थांबत. हसण्याचं आधी सांगते, म्हणजे ते उरकेल.

पुस्तकांची तोंडं भिंतीकडे का केली आहेस? शाळेत दंगा केला की आपल्याला असंच उभं करायचे. पाठींचे रंग एकमेकांना शोभत नाहीत म्हणून? मग पाहिजे ते पुस्तक काढताना काय, सगळी एकेक करून उलटवायची? सोफ्यावर मी अकरा उशा मोजल्या. माणसाने टेकायचं कुठे, उशांना विचारून? आणि चुलीच्या वर ती पाटी, "इथे प्रेम शिजतं". अरे, गेली वीस वर्षं मी या रुग्णालयाच्या पाट्या रंगवून पोट भरते, पाट्यांशी माझं वैर नाही. पण स्वयंपाकघर कुठलं आणि त्यात काय शिजतं हे घरच्यांना लिहून सांगावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

झालं हसून.

आईला काय होतंय? ती पट्टीची गोष्ट मला अजिबात आवडली नाही. इथे विसराळू पेशंटांच्या मजल्यावर मी पाट्या रंगवल्या आहेत. तिथे एक बाई खुर्चीच्या पायाला फडकं गुंडाळून "दुखतंय का?" विचारत बसायची. ते आठवलं आणि हातातला ब्रश खाली ठेवावा लागला. आपली आई तशी नाही रे. तीस वर्षं रंगाच्या दुकानात मागच्या खोलीत उभी राहून तिने रंग मिसळले. रंग मिसळायचं यंत्र आलं तेव्हा बाकीच्यांना घरी पाठवलं, पण यंत्र चुकलं की तिलाच बोलवायचे. इतकं नेमकं डोकं असं कसं भरकटेल?

डॉक्टरकडे ने. उद्याच ने. पुढच्या आठवड्यात नाही.

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

नेलं होतं. सगळं सांगतो, घाबरू नकोस असं म्हणत नाही कारण मीच घाबरलोय.

गेल्या आठवड्यात बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या आरशासमोर (जमिनीपासून छतापर्यंत आहे, त्याने खोली दुप्पट दिसते) आई थांबली आणि म्हणाली, "जरा सरकता का बाई?" वाट बघितली. मग चिडून म्हणाली, "अहो, जाऊ द्या की." मी तिला हाताला धरून वळवलं. तिच्या लक्षात आलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना. परवा तिने भरला कप ओट्याच्या कडेबाहेर हवेत ठेवला. ठेवला आणि सोडला. काचेच्या टेबलाने तिच्या नडग्या निळ्या झाल्या आहेत.

आणि हे मी फक्त तुला सांगतोय. सोमवारी दुपारी मी घरी लवकर आलो. ती तिच्या खोलीत भिंतीसमोर उभी होती, दोन्ही तळवे फळ्यांवर. कपडे ओले झालेले, पायाखाली फरशी ओली. म्हणाली, "दार कुठे गेलं रे? सकाळी इथे होतं." दार तिच्या उजव्या हातापासून दोन फुटांवर होतं. मी म्हटलं, "आई, दार कुठे जाणार?" तिला न्हाऊ घातलं, तेव्हा तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

डॉक्टरने पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, ते तिने धडाधड सांगितले. पण कागदावरच्या गोलात घड्याळाचे आकडे घालायला सांगितले तर अर्धे गोलाबाहेर गेले. चित्रातल्या वस्तू ओळखायच्या होत्या तिथे ती गप्प बसली. दिसतं का नीट, असं त्याने विचारलं. आई म्हणाली, "दिसतं की. तुमच्या या भिंतीला दोन वेगळे पांढरे लागलेत, डागडुजी केलेली दिसतेय." डॉक्टर हसला, खरंच डागडुजी केली होती म्हणाला. मीही हसलो. आईच्या डोळ्यांची परीक्षा घेणारा हा कोण! मग मी त्याला भिंतीला पट्टी लावण्याचं सांगितलं, तेव्हा तो हसायचा थांबला. त्याने विसराळू म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेचं नाव सुचवलं.

मी बघून आलो. चांगली माणसं आहेत. वीस मार्चला एक खाट रिकामी होतेय, पुन्हा कधी होईल सांगता येत नाही. दोन्ही मुलांच्या सह्या लागतात, पंधरा मार्चच्या आत. कागद सोबत आहे. माझी सही केली आहे. ही दिवसभर शाळेत शिकवायला, मी साइटवर. घरी एकटी असताना आई पडली तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.

पट्टी आज चौथ्यांदा काढली.

बारक्या


२५ फेब्रुवारी

बारक्या,

सही केली आहे. कागद सोबत आहे.

तीन दिवस तो जेवणाच्या टेबलावर पालथा पडला होता. तुला खूप लिहायचं होतं, की खाट वीस तारखेला आणि तुझे फोटो अठराला, हा काय योगायोग. पण मला तसं बोलायचा हक्क नाही. माझी एक खोली, तीही चौथ्या मजल्यावर, आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिडीवर. मी तिला घेऊन जाते म्हणाले असते तर तू कागद फाडला असतास. मी म्हणाले नाही.

आईसाठी वेगळं पाकीट आहे. आत चिठ्ठी आणि रंगाचं एक कार्ड आहे. आठवतं, लहानपणी ती कामावरून यायची आणि कार्डाचे तुकडे आपल्यापुढे टाकायची? खडूचा पांढरा कुठला, दुधाचा कुठला, अंड्याच्या कवचाचा कुठला? तू रडायचास, कारण तुला सगळे सारखेच दिसायचे. तोच खेळ पाठवलाय. तिला अजून किती ओळखता येतं ते बघावं आणि आपली शेवटची एक आठवण राहावी, दोन्ही मनात होतं. तिची आठवणच हरवायच्या आत.

तिला द्यायला विसरू नकोस.

ताई


४ मार्च

चिमणे,

तुझं पत्र सूनबाईने वाचून दाखवलं. मीच वाचलं असतं, पण तुझं अक्षर पूर्वीपासून बारीक. पाट्यांवर एवढी मोठी अक्षरं काढतेस, मग आईला लिहिताना हात आखडतो का?

मी बरी आहे. बारक्या फार जपतो. घर त्याने फार सुरेख केलंय, सगळे येऊन म्हणतात. मला शांत वाटतं, सगळीकडे धुकं असल्यासारखं. आठ मार्चला तुझ्या वडिलांना जाऊन अकरा वर्षं होतील. गेल्या वर्षी तुझा फोन उशिरा आला होता, या वर्षी वेळेवर कर. आणि तुझा मुकादम, तो पाठदुखीवाला, त्याला तो गरम पाण्याचा शेक सांगितला होता, त्याने केला का?

तुझं कार्ड बघितलं. मला फसवतेस का? दोन्ही अर्ध्यांना एकच रंग लावलायस. खडूचा पांढरा. आता हे खेळ पुरे झाले.

इथे भिंती नाहीत, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. खाटेचंही ऐकलं. तू सही केलीस ते बरं केलंस. बारक्याशी भांडू नकोस. त्याचे फोटो होऊन जाऊ देत, मग मी जाईन. माझ्यामुळे त्याची भिंत रोज खराब होते आणि तो रोज पुसतो. एक शब्द बोलत नाही.

आई


८ मार्च

बारक्या,

हे पत्र तुझ्या हातात आजच पडावं म्हणून तुझ्या गावाकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे दिलंय. फोन केला होता. वडिलांसाठी करायचाच होता. आईने उचलला. तिच्याशी गोड बोलून ठेवून दिला, कारण तिच्यासमोर तुला हे सांगता येणार नव्हतं.

आईची खाट रद्द कर. माझी सही मी परत घेते. संस्थेला वेगळं कळवलंय.

आता नीट वाच. कार्डाच्या एका अर्ध्याला मी खडूचा पांढरा लावला होता. दुसऱ्या अर्ध्याला पिवळा. फिकट, पण पिवळा रे, लोण्याचा पिवळा! इथल्या झाडूवालीला दाखवला, पाचवीतल्या पोरीला दाखवला. दोघींनी पटकन सांगितलं. आई म्हणते दोन्ही एकच. आणि तिचं पत्र बघ, सोबत जोडलंय. तिसऱ्या ओळीवर चौथी ओळ चढली आहे, शेवटची ओळ कागद सोडून गेलीये. पण त्यात लिहिलंय काय? वडिलांची तारीख बरोबर. मुकादमाची पाठ बरोबर, ती मी तिला एकदाच सांगितली होती, माझ्या स्वतःच्या डोक्यातून गेली होती. डोकं गेलेली बाई असं लिहिते?

तिला दिसत नाहीये, बारक्या. तिला दिसत नाहीये आणि ती सांगत नाहीये. तीस वर्षं ज्या डोळ्यांवर तिने मान ताठ ठेवली, ते गेले असं ती कुणाला सांगेल? आणि आपण विचारलं कधी? आईच्या डोळ्यांबद्दल शंका घ्यायची नाही हे आपण दोघं जन्मापासून शिकलो. दुसरी कुठलीही म्हातारी भिंतीला आपटली असती तर आपण आधी डोळे तपासले असते.

माझ्या कामात एक पद्धत आहे. पाटी रंगवून झाली की वीस पावलं मागे जायचं आणि डोळे बारीक करायचे. अक्षर भिंतीत बुडालं तर पाटी पुन्हा करायची, मग ती कितीही सुंदर का असेना. तू आता तेच कर. हातापायाला लावायचं क्रीम चष्म्याच्या काचांवर फास आणि आईच्या पलंगावरून उठून बाथरूमला जा. तुला घाई झाली आहे असं समजून जा.

आणि मला सांग, ती पट्टी भिंतीवर नक्की कुठे लावलेली असायची? मला वाटतंय मला माहीत आहे. माझं चुकीचं निघावं अशी मी प्रार्थना करतेय.

ताई


१४ मार्च

ताई,

तुझं चुकीचं निघालं नाही.

बुधवारी संध्याकाळी आई हिच्याबरोबर पाय मोकळे करायला खाली गेली होती. मी काचांना क्रीम फासलं आणि तिच्या पलंगावर बसलो. मनात म्हटलं, हे घर मी काढलंय, कागदावर, रेघ न रेघ. मला कसलं क्रीम अडवतंय.

सगळं राखाडी झालं. फरशी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते तेही कळेना. मी उठलो, हात पुढे केले. फळी, फळी, फळी. मी दाबत गेलो, काहीच उघडेना. एकदा कपाटच उघडलं. मग पुन्हा फळी. ताई, मी माझ्या घरात माझं दार शोधत होतो आणि मला भीती वाटत होती. शेवटी चष्मा काढून टाकला तर मी दारापासून चांगला चार फूट पुढे निघून गेलो होतो, कोपऱ्यात.

मग दाराकडे गेलो. पट्टी नेमकी दाराच्या कडेवर असायची, हाताला लागेल अशा उंचीला. तिथे चिकटपट्टीचा गोंद अजून थोडा हाताला लागतो. आणि तो मळका पट्टा, जो मी रोज सकाळी पुसत होतो, तो पलंगापासून सुरू व्हायचा आणि त्या पट्टीपाशी संपायचा. तिने स्वतःसाठी वाट केली होती. मी ती रोज पुसली. ज्या सोमवारी ती ओली होऊन उभी होती, त्या सोमवारी सकाळी मी पट्टी काढली होती. "सकाळी इथे होतं" असं ती म्हणाली होती ना? खरंच होतं.

मी तिथेच फरशीवर बसून रडलो. लहानपणी कार्डांवरून रडायचो तसा.

आई वर आली. मी विचारलं, "आई, तुला दिसत नाही ना?" ती चाचपत पलंगावर बसली. मग म्हणाली, "घराचे फोटो होऊ देत आधी." मी म्हटलं, "फोटो गेले खड्ड्यात." तर म्हणाली, "असं बोलू नये."

शुक्रवारी डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. पुढच्या महिन्यात एका डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाली, दिसायला हवं सगळं. "हवं" म्हणाली, "दिसेल" नाही म्हणाली. तेवढ्यावर माझी झोप उडाली आहे.

काल आईच्या जुन्या दुकानात गेलो. लाल रंग मागितला. यंत्रावरच्या माणसाने पुस्तक पुढे केलं, त्यात चाळीस लाल. "कुठला देऊ?" मी राखाडीच्या छटांवर लोकांना तासभर ऐकवणारा माणूस. म्हटलं, "दिसेल असा." रात्र पडायच्या आत दार रंगवलं, माझ्या हाताने. मूठही बसवली, जुन्या घराच्या दाराची होती ती पितळी. आरसा उतरवला. काचेचं टेबल गेलं. मासिकाला कळवलंय की घर तयार नाही.

आई पलंगावरून उठली आणि सरळ चालत गेली. मी दुसऱ्या खोलीत उभा राहून पावलं मोजत होतो. अकरा. मूठ फिरल्याचा आवाज आला.

बारक्या


२२ एप्रिल

चिमणे,

ओळी सरळ आल्यात का बघ. मी स्वतः लिहितेय आणि स्वतः वाचतेय.

एका डोळ्याने सगळं दिसायला लागलं. पहिल्यांदा बारक्याचं तोंड दिसलं. किती पांढरे केस झालेत त्याचे! मला कुणी सांगितलं नव्हतं. मग घर दिसलं. मी त्याला विचारलं, "हे असं राखाडी कुणी केलं?" तो म्हणाला, "मीच." मी म्हटलं, "का रे?" आता पुस्तकं सरळ करून ठेवली आहेत आम्ही दोघांनी. सात उशा सूनबाईने शाळेत नेल्या.

तुझं कार्ड पुन्हा काढून बघितलं. लोण्याचा पिवळा. एवढा ढळढळीत! मी कार्ड उशीखाली ठेवलं आणि थोडी रडले, तेही सांगून टाकते.

डॉक्टरच्या भिंतीचं विचारतेस. दोन पांढरे सगळ्याच भिंतींना असतात. डागडुजी न केलेली भिंत मी जन्मात बघितलेली नाही. ते न बघता सांगता येतं.

तू सहीबद्दल लिहितेस, माफ कर म्हणतेस. मला राग आला होता. चार दिवस होता. कपाटाच्या फळीसारखा गच्च बसला होता छातीत. पण मग वाटलं, मी तरी कुठे खरं सांगितलं? विसराळू म्हणाले तर म्हणू देत, पण रंगवाल्या बाईला रंग दिसत नाही असं कुणी म्हणायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यापायी मी खाटेवर जाऊन पडायला तयार झाले होते. आपण तिघंही एका माळेचे मणी.

दाराचा लाल चुकलाय. त्यात नखभर काळा हवा होता. बारक्याला सांगू नकोस. ऑपरेशनच्या आधी मला त्या घरात तेवढं एकच दिसत होतं, त्यामुळे त्याला हात लावू देणार नाही मी.

एक काम मात्र मी त्याच्या मागे लागून करवून घेणार आहे. वीस मार्चची ती खाट रिकामी राहिली नसणार. दुसऱ्या कुठल्या तरी बाईला मिळाली असेल, तिच्याही मुलांनी सह्या केल्या असतील. बारक्याने जाऊन तिला भेटायचंय. तिला दाखवायला तू तुझी कार्डं पाठव. आणि तिच्या मुलांना विचारायचंय की तुमच्या आईच्या खोलीतलं दार कुठल्या रंगाचं होतं.

आई